दीक्षाताई गाडीतून उतरल्या नाहीत

चांदणी चौकाच्या चढावर दीक्षाताईंच्या गाडीनं पहिल्यांदा दगा दिला, तेव्हा मी शेजारच्या सीटवर होतो. आम्ही दोघंही वारज्याचे, एकाच ऑफिसातले. सकाळी त्या मला बरोबर घ्यायच्या. इंजिन जोरात ओरडत होतं, पण गाडी ओढ घेत नव्हती. मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. ताईंनी अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडला, गाडीला तिच्या कलानं चढू दिलं आणि वर पोचल्यावर एवढंच म्हणाल्या, "गिअर सटकतोय."

लहानपणीच्या पोलिओत ताईंचा डावा पाय गेला. वडील रामदास वाघमारे खडकीच्या कारखान्यात कामगार. मुलीनं शिकायचंच, यावर त्यांनी घरात कधी चर्चा होऊ दिली नाही. पण कॉलेजला जाताना बसच्या उंच पायरीवर रोज कुणाचा तरी हात धरावा लागायचा. हात देणारी माणसं चांगलीच असायची. तरी तो धरावा लागायचा.

हिंजवडीत कंपन्या आल्या, ताईंना सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली. हातात बरे पैसे आल्यावर त्यांनी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. हिला क्लच नाही. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाखाली. चाळिशीला टेकल्यावर ताई पहिल्यांदा कुणाचाही हात न धरता घरातून निघून ऑफिसात पोचल्या.

आता तीच गाडी सटकत होती.

वारज्यातले ज्ञानदेव मिस्त्री मनानं फार चांगले. ताईंची गाडी आली की आधी प्लास्टिकची खुर्ची पुसून पंख्याखाली ठेवायचे, ताईंना उतरवून बसवायचे. मग इंजिन बंद करून बॉनेट उघडायचे, गिअरबॉक्सच्या ऑइलची पट्टी ओढून पुसायचे, परत घालून बघायचे. ऑइल भरलेलं. म्हणजे आतल्या प्लेटा जळल्या, असा त्यांचा निष्कर्ष. असले गिअरबॉक्स पुण्यात उघडणार कोण? त्यापेक्षा साधा गिअरबॉक्स बसवून घ्या, म्हणाले.

"आणि क्लच दाबायला रोज तुम्ही येणार का माझ्याबरोबर?" ताईंनी विचारलं.

ज्ञानदेवांनी बॉनेट लावून टाकलं.

कर्वेनगरच्या गॅरेजातही तेच झालं. आधी खुर्ची, मग पट्टी, मग तोच सल्ला. ऑफिसनं कॅब देऊ केली. ताईंच्या आई, वेणूबाई, म्हणाल्या की बरंच झालं, ड्रायव्हर हात धरून नीट बसवेल.

ऑफिसात आम्ही ताईंना वचकून असायचो. "माझ्या मशीनवर तर नीट चालतंय," असं कुणी म्हणालं की त्या म्हणायच्या, "मग ग्राहकाला तुझं मशीन पाठवू या का?" जिथं बिघडतं तिथंच, तशाच अवस्थेत बघायचं, हा त्यांचा नियम. गाडीच्या बाबतीत मात्र तो त्यांना उशिरा आठवला. बहुधा खुर्चीत बसल्यावर माणूस पाहुणा होतो.

शनिवारी त्यांनी मला घेऊन चांदणी चौकाचा चढ चढून दाखवला. गाडी सटकली. तशीच तापलेली गाडी त्यांनी ज्ञानदेवांच्या दारात आणली. ज्ञानदेव खुर्ची पुसायला लागले.

"आज मी उतरणार नाही," ताई म्हणाल्या. "ज्ञानदेवभाऊ, गाडी बिघडते तेव्हा मी आत असते आणि इंजिन चालू असतं. तुम्ही दर वेळी मला उतरवता, इंजिन बंद करता आणि मग बघता. आज मला असू द्या आत."

त्यांनी हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय घट्ट ठेवला, गिअरचा दांडा एकेका खाचेतून फिरवून परत पार्किंगला आणला. इंजिन चालूच. ज्ञानदेवांनी पट्टी ओढली, पुसली, परत घालून बघितली. फक्त टोक ओलं होतं.

क्लचच्या गाड्यांवर उभा जन्म काढलेल्या माणसाचा हात ऑइल बघायच्या आधी आपोआप इंजिन बंद करतो. या गाडीत मात्र इंजिन बंद केलं की वर फिरणारं ऑइल खाली उतरतं आणि पट्टी भरलेली दिसते. चालू गाडीत ऑइल कमीच होतं. चढावर ते मागं सरकलं की गिअरबॉक्सच्या पंपाच्या हाती हवा लागायची आणि गिअर सटकायचा.

ज्ञानदेव त्या खुर्चीवर स्वतःच बसले. मग उठून गाडीखाली शिरले. हे ऑइल थंड व्हायला रेडिएटरकडे नेणारा एक पाइप जोडाशी पाझरत होता. पाइप बदलला, लाल ऑइल थोडं थोडं ओतत, पुन्हा पुन्हा बघत पातळी बरोबर आणली. जुन्या ऑइलचा वास घेऊन ते खरं तेच बोलले, "थोडं जळलंय, ताई. पण आता चालेल. जन्मभर चालेल असं मात्र नाही सांगत."

"तसं तर कुणाचंच सांगता येत नाही," ताई म्हणाल्या.

आम्ही परत चढाला लागलो. या वेळी इंजिन ओरडलं नाही. एक ट्रक मागे पडला, वरचा पूल जवळ आला. मी अभिनंदन करणार, तोवर ताईंनी वळायचा इंडिकेटर लावला.

"आता कुठं?" मी विचारलं.

"खाली. एकदा नीट चालल्याला टेस्टिंग म्हणतात का?"