तामलवाडीच्या बाजेवर समुद्र

सोलापूरहून सुटलेली एस.टी. तुळजापूरच्या भाविकांनी खच्चून भरली होती. काखेत कागदाची लांबलचक गुंडाळी सांभाळत मी दाराशीच उभा होतो.

"जमिनीचा नकाशा हाय व्हय?" कंडक्टरने विचारलं.

"समुद्राच्या तळाचा."

त्याने मला एकदा नीट न्याहाळलं आणि तामलवाडीचं तिकीट फाडलं.

थट्टा नव्हती. अंदमानची बेटं आणि त्यांच्या पूर्वेचे ज्वालामुखी यांच्यामध्ये समुद्राखाली एक लांबट खोलगट भाग आहे. तिथे गाळाचे थरावर थर साचलेत. जहाजावरून आवाज सोडायचा, परत येणारे प्रतिध्वनी कागदावर उमटवायचे आणि त्या रेघांवरून तेल कुठे अडकलं असेल ते ताडायचं, ही माझी नोकरी. थरांच्या एका फुगवट्यावर बोट ठेवून साहेबांनी तेल ठरवूनच टाकलं होतं. अहवालावर माझी सही तेवढी बाकी होती. मला जागा पटत नव्हती आणि तसं म्हणायची छाती होत नव्हती. म्हणून रजा काढली आणि अहवाल सोबत घेतला.

गावात दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. माळावर गवताची काडी नव्हती. आईने माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी) पुढ्यात ठेवलं.

माझ्या वडिलांनी, आबांनी, जन्मभर विहिरी खोदल्या. पूर्वी पाणी लागलं की त्यांना वर काढत आणि त्याच विहिरीचं पाणी त्यांच्या ओंजळीत लांबून ओतत. आबा हे कधी बोलत नाहीत. मी बोलतो.

गुंडाळी बाजेवर पसरली. आबांनी रेघांवरून सावकाश बोट फिरवलं.

"पाणी खाली जातंय. तेल?"

"वर चढतं, आबा."

"मंग झाकण कुठंय? इथं तर समदं चिरलंय, पार वरपत्तुर."

मला खुपत होतं ते नेमकं हेच. फुगवट्यावरचे थर समुद्रतळापर्यंत तुटले होते. तेल कधी असलंच, तर केव्हाच निसटलं होतं.

"सायबाला दिसत न्हाय?"

"दिसतं. पण त्यांनी वर कळवून टाकलंय."

आबा उठले आणि मला माळावर घेऊन गेले. तिथे सहकारी सोसायटीची विहीर होती, सहा परस (सहा माणसांच्या उंचीइतकी) खोल आणि ठणठणीत कोरडी. आमच्याकडे पहिली पहार खोदणाऱ्याने मारायची असते. मारली म्हणजे जागा त्याला पसंत.

"चेरमन म्हणले, इथंच. म्या ठोकून बघितलं व्हतं, आवाज बद्द. पाणी न्हाय, ठावं व्हतं. तरी पहार म्याच मारली." आबा काठावर बसले. "आता चेरमनची विहीर कुणी म्हणत न्हाय. माझ्याच नावानं वळखत्यात."

मला चेअरमनचा संताप आला, साहेबांचा आला आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

परतीच्या एस.टी.त गुडघ्यावर अहवाल ठेवून मी सहीच्या जागी लिहिलं : असहमत. खाली कारणं लिहिली. त्या समुद्रात तेल नाहीच, असं मी म्हटलं नाही. या जागी नाही, एवढंच म्हटलं.

साहेबांनी ते वाचलं. "बदलीची तयारी ठेव," म्हणाले.

ठेवली आहे. भोक त्यांना पाडायचं तर खुशाल पाडोत. पहिली पहार माझी नाही.