फोटोकाकूंनी हार घातलेले सात जण

तुमचा ओळखपत्रावरचा नसलेला, एकट्याचा, समोर बघणारा एक तरी फोटो घरात कुणाकडे आहे का? फोटोकाकू हा प्रश्न ओळख व्हायच्या आधी विचारत. तुम्ही उत्तर द्यायला घुटमळलात की त्या तुमच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेत, जणू आता त्यांनाच लक्षात ठेवावं लागणार.

बोईसरजवळच्या सरावलीच्या चाळीत आमच्यापासून चौथी खोली त्यांची. दिवसा त्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जात. परत आल्या की उंबरठ्यावर बसून मोबाईलवर लोकांच्या फोटोंचे व्हिडिओ करत. बसायला उंबरठाच, कारण रेंज तिथेच यायची. बारसं, हळद, वाढदिवस, दहावा, काहीही असो, लोक फोटो पाठवत. काकू ते ओळीने लावत, खाली गाणं टाकत आणि छोट्या व्हिडिओंच्या त्या ॲपवर स्वतःच्या खात्यावरून सोडून देत. बोईसर, सालवड, पार पालघरपर्यंत लोक त्यांचं खातं बघायचे. सालवडहून हिंदी बोलणारे कामगार यायचे. त्यांना काकू दरडावत, "फोटो सीधा भेजो. फोटो का फोटो मत भेजो, उसमें तुम्हारा पंखा दिखता हाय."

त्यांचा एक नियम मला फार आवडायचा. प्रत्येक फोटोला तीन सेकंद. एकदा एका कंत्राटदाराच्या वाढदिवसाला त्याचा माणूस सांगायला आला की साहेबांच्या फोटोला दहा सेकंद द्या, बाकीच्यांना एकेक चालेल. काकू मान वर न करता म्हणाल्या, "मानसाला तीन सेकंद. साहेब असो का हेल्पर. दहा पायजेल तर साहेबाला घरी टांगून ठेव." फक्त मेलेल्या माणसाला त्या पाच सेकंद देत. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "त्याला घाई नाय."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा युनियनचं काम करायचे. मला अक्षरओळख झाली ती 'कामगार बंधूंनो' या दोन शब्दांवरून. आमच्या घरात पत्रकाला एकच कायदा होता: त्यात एकही गोष्ट खोटी नको. बाबा म्हणायचे, एक खोटं सापडलं की मालक तेवढंच फिरवतो आणि बाकीचं सगळं मरतं. त्यामुळे तीन सेकंदांचा तो नियम बघून मला वाटलं, ही बाई आपली आहे. तेव्हा मला बऱ्याच गोष्टी कळतात असं मला वाटायचं.

गर्दीच्या फोटोतून एक माणूस वेगळा कापायचा असेल तर काकूंचं बोट फार सावकाश फिरायचं. त्याच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात असला तर तो त्या तसाच ठेवत. व्हिडिओत मग नवरदेवाच्या खांद्यावर एक बिनमाणसाचा हात दिसायचा आणि लोक हसायचे. काकू म्हणत, "हात कापायचा नाय. कुनीतरी ठेवलाय."

आणखी एक गोष्ट त्या म्हणायच्या. ती मी ऐकली होती, पण ध्यानात घेतली नव्हती. "जित्या मानसाचे साठ फोटो येतात. मेल्याचा एक. आन तो पन कंपनीच्या कार्डावरचा." खरंच होतं ते. फोटो काढायची हौस असलेला माणूस दुसऱ्यांचेच काढत राहतो, आणि ज्याला हौस नाही त्याचा फोटो कंपनी काढते, निळ्या पडद्यासमोर, दचकलेला. माणूस गेला की घरचे तोच घेऊन काकूंकडे येत. काकू त्याला हार असलेली चौकट लावत, बाजूला समई, खाली बासरी. किती जणांना त्यांनी असा हार घातला असेल, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने सात जणांना काढलं. हातमोजे आणि मास्क मागितले एवढाच त्यांचा गुन्हा. कंपनी म्हणाली, हे आमचे कामगारच नाहीत, कंत्राटदाराचे आहेत. कंत्राटदार म्हणाला, माझं कंत्राट संपलं. म्हणजे सात माणसं बारा-चौदा वर्षं त्या फाटकातून आत जात होती आणि ती कुणाचीच नव्हती. त्यांना परत कामावर घ्यावं यासाठी आम्ही भांडत होतो. मी चार पानी पत्रक लिहिलं. फाटकावर वाटलं. लोकांनी ते घेतलं, घडी घातली, आणि दुपारी त्यावर ठेवून भजी खाल्ली. सातांपैकी किसन नावाचा एक होता, विक्रमगडकडचा, तो म्हणाला, "ताई, तुमचं कोन वाचतंय? फोटोकाकूला द्या. तिचं अख्खं बोईसर बघतं."

मला राग आला, पण मी ऐकलं. सातही जणांचे फोटो काकूंना पाठवले. माझ्याकडे होते ते ओळखपत्रांवरचे. सोबत चारही पानं पाठवली, खाली लिहिलं, 'काकू, याचा व्हिडिओ करून सकाळी टाका', आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच वकिलांना भेटायला पालघरला निघून गेले.

सकाळी व्हिडिओ आला. सात जण, सात हार, समई, बासरी. प्रत्येकाला पाच सेकंद. शेवटी चौकटीत आधीपासून छापलेलं असतं ते 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

मी वकिलांच्या बाकावर बसून तो दोनदा बघितला. चूक कुठे आहे ते मला पहिल्यांदा दिसलंच नाही, इतका तो नेहमीसारखा होता. दिसली तेव्हा काकू कामावर गेल्या होत्या आणि त्यांचा फोन लागत नव्हता.

दुपारपर्यंत कारखान्याच्या फाटकावर तीन-चारशे माणसं जमली. आत स्फोट झालाय आणि कंपनी लपवतेय, अशी बातमी पसरली होती. मी पोचले तेव्हा किसनची बहीण गावाकडच्या लोकांची जीप भरून आली होती आणि फाटकाच्या गजांना धरून उभी होती. "माजा भाऊ दावा. जसा असंल तसा दावा." मॅनेजर बाहेर आला. घाम पुसत, हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमचे सातही कामगार सुखरूप आहेत. कुणालाही काही झालेलं नाही."

आमचे. जे वाक्य आम्ही आठ महिने कागदोपत्री मागत होतो ते तो माणूस भर उन्हात, पाच-सहा मोबाईलांसमोर बोलून गेला.

तेवढ्यात किसन स्वतःच मोटरसायकलवरून आला, हातात वडापाव. बहिणीने आधी त्याच्या कानाखाली वाजवली, मग गळ्यात पडली. किसन म्हणाला, "अगं, मी काय केलं? मी जेवत होतो."

त्याच संध्याकाळी मी उंबरठ्यावर काकूंशी भांडले. त्या शांतपणे मेथी निवडत होत्या.

"काकू, जिवंत माणसांना हार घातलात तुम्ही."

"तू सांगितलं का मला, जिते हायत?"

"पत्रकात लिहिलंय सगळं."

"चार पानं पाठवलीस, बाय. पयल्या पानावर काय हाय, तूच सांग."

पहिल्या पानावर कंत्राटी पद्धतीचा इतिहास होता. दुसऱ्यावर कायद्याची कलमं. मी ते सांगितलं.

"आन मानसं?"

"तिसऱ्या पानावर."

काकूंनी मेथीची एक काडी मोडली. "सात कार्डं आली, मी समजले मेले. जित्याचं कार्ड कोन पाठवतं?"

घरी बाबांनी व्हिडिओ बघितला. "खोटं आहे हे," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण फाटकावर एवढी माणसं मला कधी आणता आली नाहीत." मी विचारलं, मग काय करायचं? बाबांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

सातांपैकी सगळ्यात वयाने मोठे होते ते जव्हारकडचे काका. त्यांच्या गावात कुणीतरी तो व्हिडिओ दाखवला आणि फोन लागेपर्यंत त्यांच्या बायकोने हातातल्या बांगड्या फोडल्या होत्या. हे ऐकल्यावर काकूंनी कामावर खाडा केला, बोईसरच्या बाजारातून हिरव्या बांगड्या घेतल्या आणि मला म्हणाल्या, "चल." एसटीत काकूंनी बांगड्यांचा पुडा सगळी वाट मांडीवर धरून ठेवला. त्या घरात काकू दारातच बसल्या, त्या बाईचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी चढवली. मनगटावर काचेचे ओरखडे होते, ते चुकवून. ती बाई म्हणाली, "मानूस आला, बरं झालं. पन तो हार मला परत नाय बघायचा. काढाल ना?" काकू म्हणाल्या, "इचारते."

परत आल्यावर त्यांनी सातही जणांना विचारलं. सहा म्हणाले, ठेव. एक म्हणाला, काढ. त्या व्हिडिओखालीच काकूंनी मॅनेजरच्या वाक्याचा व्हिडिओ लावला होता. गर्दीतल्या कुणीतरी तो त्यांना ॲपवरच पाठवला होता. लोक आधी हार बघत, मग ते वाक्य ऐकत. सहा जणांचं म्हणणं होतं की हार काढला तर ते वाक्य कोण बघेल? काकू माझ्याकडे आल्या. "सहांचं ऐकू का एकाचं? तू शिकलेली हायस." मी म्हणाले, खोटं ते खोटं, काढा. त्या म्हणाल्या, "बघते," आणि दोन दिवस त्यांनी काहीच केलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्या व्हिडिओची ॲपकडे तक्रार केली. 'खोटी माहिती' या शब्दांवर बोट ठेवलं. मनात ती जव्हारची बाई होती. बाबांचा कायदाही होता. आणि थोडा, कबूल करते, माझ्या चार पानांचा अपमान होता. मला वाटलं, तो एक व्हिडिओ जाईल. दोन दिवसांनी काकूंचं अख्खं खातं बंद झालं.

सगळं गेलं. हळदी, बारशी, बिनमाणसाचे हात, पाच-पाच सेकंदांची ती सगळी माणसं. फोन भरायचा म्हणून काकू व्हिडिओ टाकला की स्वतःकडचा पुसत. लोक दारात येऊ लागले. "काकू, आमच्या बाबांचा दिसत नाय." काकू त्यांना आत बोलावून पाणी देत. मॅनेजरचं वाक्यही गेलं, आणि ते कुणी पाठवलं होतं तेही.

मी जाऊन सांगितलं, तक्रार मी केली. त्या धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी हातातलं लुगडं पूर्ण झटकलं, दोरीवर घातलं, कडा सरळ केल्या.

"त्या जव्हारवालीसाठी?"

"हो. बहुतेक."

"बरं केलंस का वाईट, मला नाय कळत," त्या म्हणाल्या. "तुला कळतंय का?"

"नाही."

"मंग बस. चहा टाकते."

त्या मला ओरडल्या असत्या तर मला काहीतरी समजलं असतं. मी चहा प्यायले. चहात आलं होतं. आजही मला त्या चहाचं काय करायचं ते कळत नाही.

गर्दीची धास्ती घेऊन कंपनीने चार जणांना परत घेतलं. किसन, जव्हारचे काका आणि आणखी एक जण अजून बाहेर आहेत. त्यांची सुनावणी चालू आहे आणि कंपनीने पुन्हा तेच लिहून दिलंय, हे आमचे नव्हेत. वकील म्हणतात, मॅनेजरच्या तोंडचं ते वाक्य सबंध हवं. लोकांकडे फिरतोय तो तुकडा किसनच्या कानाखाली बसते तिथून सुरू होतो. लोकांना तेवढीच मजा वाटली.

पावसाळ्याआधी काकूंच्या नवऱ्याचं काम सुटलं आणि त्यांनी खोली सोडली. टेम्पोत सामान चढत असताना काकूंनी मला बाजूला बोलावलं आणि मोबाईलवर तीन फोटो पाठवले. तिघांच्या घरी जाऊन स्वतः काढलेले. किसन भाच्याला खांद्यावर घेऊन हसतोय. जव्हारचे काका नांगराला टेकून उभे आहेत, शेजारी हिरव्या बांगड्यांचा एक हात आहे. तिसऱ्याच्या तोंडात घास आहे. "यांना पयल्या पानावर घाल," त्या म्हणाल्या. "आन लिवताना कुनाला तरी वाचून दाव." मग टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "चल रे, काय बघतो," आणि पुढे बसल्या. नवीन खातं उघडणार का, हे मला विचारायचं होतं. धीर झाला नाही.

काकूंनी सांगितलं म्हणून हे पत्रक मी पहिल्यांदा आमच्या चाळीतल्या बायकांना वाचून दाखवलं, आणि मग छापायला दिलं. खरं काय आणि बरोबर काय, हे मला पूर्वी एकच वाटायचं. आता वाटत नाही, आणि त्या दोन्हींच्या मधे कुठे उभं राहावं तेही ठाऊक नाही. एवढं मात्र ठाऊक आहे की तो मॅनेजर जे बोलला ते बोलला, आणि ते तीन जण अजून घरी बसून आहेत.

तुम्ही त्या दुपारी फाटकावर असाल तर आज तुमचा मोबाईल उघडा. मागचे व्हिडिओ बघा. तुमच्या मेव्हण्याचा, शेजाऱ्याचाही बघायला सांगा. तो घाम पुसणारा माणूस सापडला तर पुसू नका, कापू नका, फिरवू नका. ज्याच्या हातून हा कागद तुम्हाला मिळाला, त्याच्याकडे घेऊन या. फक्त सुरुवातीपासूनचा आणा. 'आमचे' हा त्याचा पहिलाच शब्द आहे.