पंचवीस शब्दांची यादी

शेजारी म्हणत, या बाईंशी बोलायचे तर आधी घसा साफ करावा आणि मगच तोंड उघडावे. जिन्यात कुणी दोनदा "काय?" म्हटले की त्या तिथेच थांबून विचारत, "डाव्या कानाने कमी ऐकू येतं का हो?" तळमजल्यावरचे शिंपीकाका तर त्या दिसल्या की न ऐकलेल्या गोष्टीलाही मान डोलावून मोकळे होत. "तोंडाने फटकळ आहे, पण खोटं लिहून देणार नाही," असेही लोक म्हणत. बाईंना स्वतःविषयी एवढेच ठाऊक होते आणि तेवढे पुरेसे वाटत होते.

इस्पितळात त्या कान तपासत, त्याला बावीस वर्षे झाली होती. भिंतींना स्पंज लावलेली, जेमतेम एक खुर्ची मावेल अशी खोली, मध्ये काच, अलीकडे बाई आणि त्यांचे यंत्र. आधी बारीक होत जाणारी शिट्टी. ऐकू आली की बटण दाबायचे. मग कुणा भारदस्त आवाजातले ध्वनिमुद्रित पंचवीस शब्द. ऐकला तसा म्हणून दाखवायचा. पंधरा जमले तर ठीक, नाहीतर कागदावर 'श्रवणदोष' असा शेरा. बंदरावर क्रेन चालवू पाहणाऱ्या नव्या माणसाला ही तपासणी पाच वर्षांपासून होती. त्या वर्षी ती जुन्यांनाही लागू झाली.

क्रेनवाला डोंगरापलीकडचा. सहा वर्षे तो त्या उंच खुर्चीत बसत होता आणि एकदाही त्याच्या हातून पेटी आपटली नव्हती. शिट्टी त्याने अशी ऐकली की बाईंनी यंत्र दोनदा तपासले. कॉलेजातल्या पोरांनाही इतके बारीक ऐकू येत नसे. मग शब्द सुरू झाले. पंचवीसपैकी नऊ.

"नीट ऐका हो. कुठे लक्ष आहे?"

"बाई, तुमचा माणूस एकच शब्द पुन्हापुन्हा का म्हणतो? त्याला विसरायला होतं का?"

बाईंचा हात थांबला. यादीतले बहुतेक शब्द 'ताट-थाट' असे जोडीचे होते. जोडीत फरक एवढाच की एका अक्षराबरोबर तोंडातून श्वास सुटे, दुसऱ्याबरोबर नाही. क्रेनवाल्याच्या भाषेत हा श्वास कुणी मोजतच नव्हते. त्याच्या कानाने तो ऐकला होता, पण वाऱ्यासारखा सोडून दिला होता.

"तुमच्यात असे जवळजवळचे शब्द नसतात?"

"असतात की! एकच शब्द सूर वर चढवून म्हटला तर पाणी, खाली सोडून म्हटला तर दोर. लहान पोरही चुकत नाही."

"म्हणा बघू."

त्याने म्हटले. बाईंना दोन्ही सारखेच वाटले. त्याने पुन्हा म्हटले. पुन्हा तेच.

"बाई," तो गालातल्या गालात हसत म्हणाला, "मशीन मला लावायचं की तुम्हाला?"

बाई हसल्या नाहीत. त्यांना कॉलेजचे वसतिगृह आठवले. गावाकडचा त्यांचा हेल ऐकून मुली तोंडावर पदर धरत, आणि बाईंनी आरशासमोर उभे राहून तो एकेक अक्षर घासून काढला होता. पुढे सुट्टीत घरी गेल्या तेव्हा आत्या म्हणाली होती, "कोण पाहुणी आली गं ही?" त्या वेळी त्यांना आत्याचा राग आला होता. आता आला तो आपला.

त्यांनी क्रेनवाल्याला यंत्रापाशी बसवले आणि स्वतः आत जाऊन खुर्चीत बसल्या. त्याने आपल्या भाषेतले पंचवीस शब्द म्हटले, बाईंनी ऐकले तसे परत म्हटले, त्याने बरोबर-चूक टिपले. पंचवीसपैकी सात. बाहेर येऊन त्यांनी एक कोरा कागद घेतला, त्यावर स्वतःचे नाव घातले, आकडा लिहिला आणि खाली नियमाप्रमाणे शेरा मारला.

मग कपाट उघडून जुने कागद काढले. डोंगरापलीकडच्यांच्या वस्तीचा पत्ता असलेले एकोणीस निघाले. सगळ्यांच्या शिट्ट्या उत्तम, सगळ्यांचे शब्द कमी, सगळ्यांना क्रेन नाकारलेली. प्रत्येकावर एकच वळणदार सही.

घरी नणंदेने त्यांचा चेहरा पाहून ओळखले. सगळे ऐकून ती म्हणाली, "वहिनी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. तो क्रेनवाला तुमचा कोण लागतो?"

"कुणी नाही, वन्सं. म्हणून तर नऊ गुण देऊन घरी पाठवणं इतकं सोपं होतं."

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर बाईंनी दोन कागद ठेवले, क्रेनवाल्याचा आणि आपला, आणि कपाटातल्या जुन्या एकोणीस कागदांचेही सांगितले. डॉक्टरांनी चष्मा वर केला.

"हा काय पोरकटपणा?"

"तपासणी आहे, साहेब. नियमाप्रमाणे."

"यादी तज्ज्ञांनी केली आहे."

"केली असेल. ज्यांच्या आयांनी ते शब्द बोलून दाखवले त्यांच्यासाठी केली आहे. तान्ह्या मुलाला सगळेच आवाज वेगळे ऐकू येतात. वर्षभरात घरात लागतात तेवढे ते ठेवतं, बाकीचे सोडून देतं. त्याने श्वासाचा फरक सोडला, मी सुराच्या चढउताराचा सोडला. त्याला बहिरा ठरवून खाली उतरवायचं असेल तर मलाही या खुर्चीवरून उठवा."

डॉक्टरांनी क्रेनवाल्याच्या शिट्टीचा आलेख जवळ ओढला. तो एखाद्या पाठ्यपुस्तकात छापावा इतका स्वच्छ होता. शेवटी त्यांनी क्रेनवाल्याच्या कागदावरचा शेरा खोडला, 'कामास योग्य' असे लिहून सही केली, आणि बाईंचा कागद उचलून चार तुकडे करून टोपलीत टाकला.

"झालं तुमच्या मनासारखं? माणूस वर राहिला. आता ती जुनी एकोणीस प्रकरणं उकरू नका. इस्पितळाची अब्रू आहे. आणि हे बाहेर कुठे बोलू नका."

बाईंनी क्रेनवाल्याचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

"बोलणार, साहेब. एकोणीस घरं आहेत, पायी जाणार. इस्पितळाची अब्रू तुम्ही सांभाळा. सह्या माझ्या आहेत."