कांदेनवमीचा सॉस

माणसाला दमवून टाकण्याचे जगात जेवढे म्हणून प्रकार आहेत, त्यांत माझ्या बायकोच्या मामांनी स्वयंपाकाची भर घातली. पन्नास सालानंतरची ती वर्षं. आम्ही घाटकोपरला आणि मामा मुलुंडला. इतकं जवळ बिऱ्हाड केलं ही आमची पहिली चूक. रविवारी सकाळी निरोप यायचा, "डबा फोडतोय, या." डबा म्हणजे टोमॅटोच्या घट्ट आटवलेल्या गराचा, परदेशी. गोदीतले एक ओळखीचे गृहस्थ तो मामांना मिळवून देत आणि मामा त्यातून स्पागेटीवर घालायचा सॉस करत. सकाळी चहानंतर चढवलेलं पातेलं दुपार कलली तरी "आता कुठे वळणावर येतंय" अशाच अवस्थेत असे. तोवर आमच्या पोटातले कावळे ओरडून ओरडून निजलेले असत.

लढाईत मामा सैन्याच्या कोठारावर कारकून होते आणि त्या निमित्ताने इटलीत राहून आले होते. बंदूक त्यांनी फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर पाहिली. पण तिथे ते तापाने आडवे झाले, आणि गावातल्या कुणा म्हातारीने स्वतःच्या घरात दाणा नसताना त्यांना हा सॉस भरवून उठवलं. लोक लढाईहून पदकं आणतात, मामांनी सॉस आणला. पदक निदान भिंतीवर टांगता येतं, हे आम्हाला दर रविवारी खावं लागे.

कांदा-लसूण मामींना स्वयंपाकघरात चालत नसे. त्यामुळे सगळा कारभार गॅलरीत, स्टोव्हवर. आधी कांदा-लसूण, मग डब्यातला गर, आणि तो तेलात विटकरी होईपर्यंत परतायचा. हळद नाही, जिरं नाही. तेल खरं तर ऑलिव्हचं हवं. ते केमिस्टाकडे, तान्ह्या मुलांना चोळण्यासाठी, छोट्या बाटलीत मिळे. मामांनी एकदम चार बाटल्या मागितल्या तेव्हा केमिस्टाने कौतुकाने विचारलं, "बाळ केवढं आहे?" मामा म्हणाले, "पाच माणसं जेवतील एवढं." दुसरी अडचण तुळशीची. तिकडे म्हणे या सॉसमध्ये तुळशीच्याच जातीचा पाला घालतात. मामा कात्री घेऊन कुंडीकडे वळले, तशा मामी वाट अडवून उभ्या राहिल्या. "फोडणीत तुळस? आधी मला घाला!" तेव्हापासून ओव्याच्या पानांवर भागलं.

एकदा सॉस फार आंबट लागला म्हणून माझ्या बायकोने कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यात गुळाचा खडा टाकला. मामांनी एक चमचा चाखला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांना उठवेपर्यंत आम्ही टेकीला आलो.

गंमत म्हणजे त्या जेवणातली स्पागेटी मामींच्या हातची असे. गव्हाच्या जाडसर शेवया त्या वळून, वाळवून, उकडून देत. आणि स्वतः मात्र त्यावरचा सॉस कधी तोंडात घालत नसत, कारण कांदा-लसूण. लढाईहून मामा परतले तेव्हा मामींनी ते खाणं सोडलेलं होतं. ही आपल्या सोवळ्या आईच्या वळणावर गेली, एवढाच अर्थ मामांनी लावला होता. आम्ही सगळे मिटक्या मारल्याचं सोंग करत असताना मामांची नजर मात्र मामींच्या ताटाकडे, दहीभाताकडे असे. "एक घास गं," ते दर वेळी म्हणत. मामी दर वेळी म्हणत, "मला नको."

मग गोदीतले गृहस्थ नोकरी सोडून गावी गेले आणि डबे यायचे थांबले. त्या वर्षी कांदेनवमीला मामांनी आम्हाला बोलावलं. चातुर्मास लागण्याआधी कांदा पोटभर खाऊन घ्यायचा तो दिवस. सगळ्या चाळीत भज्यांचा वास. मामांनी स्टोव्ह पेटवला, कांदा परतला, आणि ट्रंकेत जपून ठेवलेला शेवटचा डबा फोडायला घेतला. मग अचानक हात थांबवून म्हणाले, "अगं, आजच्या दिवशी सोवळी माणसंसुद्धा कांदा खातात. माझ्या हातचं तुला खायचंच नाही, असं एकदा सांगून तरी टाक. मी दमलो आता."

त्यांना कधी दमलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. दमणं हे आमच्याकडे होतं.

मामी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमचं पत्र यायचं थांबलं होतं ना, तेव्हा देवापुढे बोलले होते. सुखरूप परत आणलंस तर कांदा-लसूण जन्मात तोंडाला लावणार नाही."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"देवाला सांगितलं होतं. आणखी कुणाला कशाला सांगायचं? तुम्ही आलात ना."

मामांनी स्टोव्ह बंद केला. परतलेला कांदा माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "जावईबापू, पोळीशी खाऊन टाका." मग त्यांनी स्वतः राखेने दुसरं पातेलं घासलं, हात धुतले, आणि पुन्हा स्टोव्ह पेटवला. तेल, डब्यातला गर, पाणी, मीठ, ओव्याची पानं. बस्स. कांद्याशिवाय सॉस म्हणजे नुसतं लाल पाणी, असं आम्हाला शंभरदा ऐकवणारा माणूस तेच लाल पाणी ढवळत बसला.

मामींनी शेवयांबरोबर पहिला घास घेतला. "आंबट आहे," म्हणाल्या. मग दुसरा घेतला. "हे खाऊन जगलात होय तिकडे?"

मामींनी ताट निपटून खाल्लं आणि आणखी मागितलं. पातेल्यात जे होतं ते सगळं मामांनी त्यांना वाढलं. आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगतो, आम्हालाही मागवेना.

त्यानंतर मुलुंडहून रविवारचा निरोप कधी आला नाही. ज्या एका माणसाला खाऊ घालायचं होतं ते जेवलं, आता आमची काय गरज? आम्ही घरी वेळेवर, पोटभर जेवू लागलो. पण रविवार फार लांबलचक झाला, आणि बायको विचारायची, "आज जायचं का आपणच, न बोलावता?"