एक बादली मीठा पानी

लग्न होऊन मी जयपूरला आले तेव्हा माझ्याआधी एक सवत घरात येऊन बसलेली होती. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, सगळी काचेची. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांतली आतली, त्यातल्या त्यात गार खोली तिची. घरात कूलर एकच, त्याचंही तोंड तिच्याकडे. हे, सासूबाई आणि मी असे तिघं बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपायचो, मध्ये एक पडदा लावून. नव्या नवरीचे दिवस मी असे काढले.

त्या टाकीत समुद्र होता. गोड्या पाण्यातले साधे शोभेचे मासे असते तर मी काही बोलले नसते. पण ह्यांना पाहिजे होतं खारं पाणी, जिवंत प्रवाळ, दगडाला चिकटून फुलासारखं उघडमीट करणारं समुद्रफूल आणि त्यात लपणारा पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंगी मासा. तेही जयपुरात, जिथे उन्हाळ्यात अंगावरचा घामसुद्धा टिकत नाही. ह्यांचा जन्म जयपूरचा. सासरे खानदेशातून रेल्वेत बदली होऊन आले आणि तिथलेच झाले. ह्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विशी उलटल्यावर मुंबईत, आणि त्याच दिवशी मत्स्यालयात प्रवाळ पाहिलं. तेव्हापासून डोक्यात एवढंच.

मी कोकणातली. आमच्या घरामागची दोन शेतं ओलांडली की समुद्र. आम्हाला त्याचं कौतुक नव्हतं. समुद्र म्हणजे जेवायला मासळी आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी. तो मागे टाकून मी हजार मैल आले, तर इथे लोक तो काचेत घालून त्याच्यासमोर पाटावर बसलेले. वर सासूबाईंना घरात मासळीचा वास चालत नसे. मासे काचेत चालायचे, कढईत नाही.

पाणी मुंबईहून यायचं. एक ओळखीचा माणूस प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून गाडीत चढवायचा. सवाई माधोपूरला रुंद रुळांची मोठी लाइन सोडावी लागायची, तिथे ते कॅन उतरवून छोट्या लाइनच्या गाडीत टाकायचे, आणि जयपूरला उतरेपर्यंत दर खेपेला एखादा गळून रिकामा झालेला असायचा. असं तीन महिने चाललं होतं म्हणे. मासे मात्र आगगाडीच्या उकाड्यात टिकत नाहीत, म्हणून विमानाने येणाऱ्या कुणाला तरी गळ घालून पिशवीतून मागवायचे आणि हे सायकल मारत सांगानेरच्या विमानतळावर घ्यायला जायचे. मला आणायला स्टेशनवर मात्र ह्यांचे दोन मित्र आले होते, कारण त्या सकाळी टाकीचा हवेचा पंप बिघडला होता.

ह्यांनी खटपट केली नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदा भरली तेव्हा टाकी कोपऱ्यातून गळली, कारण काच जोडायचा मसाला सुकायच्या आत ह्यांनी पाणी ओतलं. पहिले सहा मासे आठवड्यात मेले, कारण नवं पाणी मुरायला दीड महिना लागतो हे मासे मेल्यावर समजलं. लोखंडी स्टँडला खाऱ्या पाण्याने गंज चढला तेव्हा सगळी टाकी उपसून खाली लाकूड घातलं. मी आले तोवर ती एकदाची सुरू झाली होती आणि ह्यांना वाटत होतं की आता जिंकलो. रोज पहाटे उठून हे एक काचेची नळी पाण्यात सोडायचे. पाणी जितकं खारं, तितकी ती कमी बुडते. मग नळी पुसून कपाटात, आणि कपाटाला कुलूप. "तुझ्या हातून फुटेल," मला सांगितलं होतं. मी टाकीला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा होता.

शेजारपाजारचे यायचे दर्शनाला. सगळे शाकाहारी. "भाभी, इनको खाओगे कब?" असं विचारून हसायचे. मला हिंदी धड येत नव्हती, त्यामुळे मी दात दाखवून बाहेरच्या खोलीत जायचे.

एप्रिलमध्ये घरून पत्र आलं की भाऊ मुऱ्हाळी म्हणून न्यायला येतो, मेमध्ये पाठवा. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. आमच्याकडे मुलगी येते म्हणजे येतेच, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. मी पेटी भरायला घेतली. ह्यांनी परस्पर उत्तर टाकलं की यंदा जमणार नाही. का, तर जूनमध्ये ह्यांना दोन आठवडे ट्रेनिंगला जायचं होतं, सासूबाईंना बादली उचलत नव्हती, आणि टाकीला ऐन उन्हाळ्यात माणूस पाहिजे होतं. हे मला पत्र गेल्यावर सांगितलं.

मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले, कारण उपाशी राहून कुणाला काही फरक पडत नव्हता. पण त्या दिवसापासून मी त्या टाकीचा मनापासून द्वेष केला.

जूनमध्ये हे निघाले. निघताना टाकीच्या काचेवर एक चिठ्ठी चिकटवली. ह्यांची मराठी घरात ऐकून शिकलेली आणि अक्षरं शाळेत हिंदीतून गिरवलेली. लग्न ठरल्यावर मला पाठवलेल्या पहिल्या पत्रात "तुझी याद येते" असं होतं आणि ते वाचून माझे भाऊ दोन दिवस हसत होते. चिठ्ठीही त्याच थाटाची. "रोज सुबह टंकीत १ बाल्टी मीठा पानी टाकणे. खारा पानी बिल्कुल नाही. कूलर बंद नाही करणे. लाइट गेली तर पाणी मगने हलवणे."

मी दोनदा वाचली. प्रत्यय खायची ह्यांची सवय मला माहीत होती. मीठा पानी म्हणजे मिठाचं पाणी. खारा म्हणजे काय तेही माहीत होतं, सासूबाई मागच्या हापशाच्या पाण्याला खारा म्हणायच्या, त्यात साबणाला फेस येत नसे. म्हणजे हापशाचं पाणी घ्यायचं नाही, नळाच्या पाण्यात मीठ विरघळवून घालायचं. मला ते पटलंही. समुद्राचं पाणी कमी झालं तर त्यात मिठाचंच पाणी घालणार ना! किती मीठ ते लिहिलं नव्हतं. मग मी कोकणातली जीभ वापरली. बोट बुडवून चाखायचं आणि आमच्या समुद्राइतकं खारट होईपर्यंत मीठ टाकत जायचं. बादलीला अर्धा किलो लागलं. वाण्याकडून सांभरच्या मिठाची गोणीच मागवली. तो म्हणाला, "अचार डाल रही हो क्या?"

चार दिवस मी असं केलं. मन लावून, वेळेवर. हे मी आजही छातीठोकपणे सांगते की ते चार दिवस मी निर्दोष होते.

पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. दहाच्या सुमारास कॉलनीत टँकर आला आणि वरच्या मजल्यावरची बाई जिन्यातून ओरडली, "भाभी, बाल्टी लेकर आओ, मीठा पानी आया है!"

मी बादली घेऊन धावले. रांगेत उभी राहिल्यावर मनात आलं, टँकरभर मिठाचं पाणी कुणाला कशाला लागतंय? मी तिला विचारलं, "मीठा मतलब?"

ती हसायला लागली. "मीठा मतलब पीने का, और क्या! खारा तो हैंडपंप में है।"

मी बादली भरून घरी आणली. सासूबाई देवापाशी होत्या. टाकीसमोर बादली ठेवली आणि खाली बसले. मिठागरं बघत वाढलेली मुलगी मी. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. टाकीतून रोज नुसतं पाणी उडत होतं आणि हे रोज नुसतं पाणी घालत होते. मी चार दिवस वरून मीठ ओतत होते. आता काय करायचं तेही कळत होतं. मीठ थांबवायचं, थोडं खारट पाणी काढायचं, तेवढं गोडं घालायचं. तेव्हा तरी टाकीत सगळं जिवंत होतं.

सकाळीच आईचं पत्र आलं होतं. त्यात वडिलांनी खाली दोन ओळी घातल्या होत्या, "आंबे संपत आले. तुझ्या माशांची सोय लागली की ये." वडील कधी कुणाला टोमणा मारत नसत. त्यांनी ते साधेपणानेच लिहिलं होतं, आणि म्हणूनच ते मला लागलं.

मी उठले, गोणीतून अर्धा किलो मीठ काढलं आणि बादलीत घातलं. राग नव्हता, डोकं अगदी थंड होतं. चिठ्ठीत लिहिलंय तसं करायचं, एक खडा जास्त नाही की कमी नाही. पुढचे नऊ दिवस मी तसंच केलं.

आधी समुद्रफूल मिटलं ते उघडलंच नाही. मग प्रवाळावर बुळबुळीत पांढरा थर आला आणि तो पाण्यात सुटायला लागला. पाणी दुधाळ झालं. बाराव्या दिवशी दुपारभर वीज नव्हती. मी मगाने पाणी हलवत बसले, कारण तेही चिठ्ठीत होतं. नारिंगी मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होता. त्याचं मला वाईट वाटलं, हे खोटं नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादलीत मीठ घातलं.

हे आले ते वासामागोमाग थेट आतल्या खोलीत शिरले. पायात बूट तसेच. मग कपाट उघडून ती नळी काढली आणि पाण्यात सोडली. ती बुडेचना.

"नमक कोणी टाकलं?" ह्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की मला आधी ऐकूच आला नाही.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "मी सांगते. हिनं. गोणी आणली होती. आणि जाणूनबुजून केलं, मतलब हिला माहेरी जायचं होतं ना!"

मी काचेवरची चिठ्ठी सोलून काढली आणि ह्यांच्या हातात दिली. "वाचा. मोठ्यानं वाचा."

ह्यांनी वाचली. "मीठा पानी. मग? मीठा पानीच तर लिहिलंय."

"ही चिठ्ठी कुठल्या भाषेत आहे?"

"मराठीत."

"मग मराठीत मीठ म्हणजे काय?"

ह्यांनी ती ओळ पुन्हा, बोट ठेवून वाचली. मग हळूच पाटावर बसले. बूट काढायला लागले, आणि एकच काढून तसेच थांबले. "माझी चूक," म्हणाले. "मीच मारलं."

"अरे, तुझी कसली चूक?" सासूबाई उसळल्या. "पाच महिने झाले येऊन, हिला मीठा पानी माहीत नाही?"

"आई, चुप!" हे ओरडले. आईवर आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला, आणि तो माझ्या बाजूने. सासूबाई त्यानंतर अठरा वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की हिनं जाणूनबुजून केलं. दर वेळी ह्यांनी त्यांना गप्प केलं. त्या घरात खरं बोलणारी ती एकटी बाई होती, आणि तिलाच सगळे कजाग म्हणत.

टाकी ह्यांनी एकट्याने उपसली, मला हात लावू दिला नाही. पुढच्याच आठवड्यात रेल्वेचा पास काढून मला गाडीत बसवून दिलं. मला पाहिजे होतं ते मिळालं. घरी आंबे संपले होते, पाऊस लागला होता, आणि मी चार महिने राहिले.

दिवाळसणाला हे आले. वडिलांनी जावयाचं सगळं केलं, आईने पापलेट तळले, ह्यांनी निमूट खाल्ले. पाडव्याला ओहोटी लागल्यावर मी ह्यांना खडकांवर घेऊन गेले. पाणी उतरलेलं, जागोजागी डबकी, त्यांत छोटे मासे, शेवाळ, चिकटलेले शिंपले. हे एका डबक्यापाशी उकिडवे बसले. मला वाटलं, आता हात घालतील. पण ह्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, लहान मुलाला "हात लावू नको" म्हटल्यावर ते धरतं तसे.

"माझ्या हाताला यश नाही," म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, "अगं, एक विचारू? रागावू नको. तू तर इथली. चाखून बघून मीठ घालत होतीस. मग टाकीतलं पाणी समुद्रापेक्षा जास्त खारं होतंय, हे तुला एकदासुद्धा नाही कळलं?"

त्या प्रश्नात संशय नव्हता. ह्यांना फक्त एवढंच ऐकायचं होतं की समुद्राकाठच्या माणसालाही ते कळण्यासारखं नव्हतं. मला तेव्हा सांगता आलं असतं. समुद्र समोर होता, सासूबाई हजार मैलांवर होत्या, आणि हे माझ्यावर ओरडले नसते, हेही मला माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं. "नाही कळलं."

"मग ठीक आहे," हे म्हणाले आणि उठताना आधाराला माझा हात धरला. ह्यांनी पुन्हा घरात मासा आणला नाही. त्या उत्तरावर ह्यांनी विश्वास ठेवला, आणि अजून ठेवतात.