आमच्या पिढ्यांचा हेळवी

आमचा हेळवी दारात आला की 'कसे आहात' वगैरे विचारायचा नाही. उंबऱ्यातूनच आमच्या मेलेल्या माणसांची नावं घ्यायला लागायचा. ठरलेल्या घरांची वंशावळ तोंडपाठ ठेवायची, दोन-तीन वर्षांनी येऊन ती म्हणून दाखवायची आणि ज्वारी घेऊन पुढच्या घरी जायचं, हा त्याचा वडिलोपार्जित धंदा. आम्ही कुंभारी गावात होतो तेव्हा तो बैलावर बसून यायचा. जुळे सोलापुरात आलो तर पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून यायला लागला. वॉचमन त्याला गेटवर अडवायचा, आणि हा त्यालाच त्याचं आडनाव विचारत बसायचा.

आमचा मूळपुरुष बिराप्पा. विजापूरकडून मेंढरं घेऊन निघाला, भीमा ओलांडली आणि इकडेच राहिला. त्यानं वाघाचा जबडा मोडला म्हणून आम्ही वाघमोडे. शाळेत असताना मी एकदा खोदून खोदून विचारलं, खरंच मोडला का? तो जरा इकडेतिकडे बघून म्हणाला, "मोडला की. पर वाघ लई म्हातारा हुता, अक्का." आप्पा, म्हणजे माझे वडील, इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्याचा एक नियम होता. घरात कोण जन्मलं, कोण गेलं, हे कर्त्या माणसानंच सांगायचं. आईनं एकदा चुलत्यांच्या जाण्याचं सांगायला तोंड उघडलं, तर यानं ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्याच्या तोंडचं मी धरत न्हाय, म्हणाला. आई आठवडाभर त्याच्या नावानं खडे फोडत होती.

माझा मोठा भाऊ, दादा, नोकरीसाठी अमेरिकेला गेला, तिथेच संसार केला आणि गेल्या वर्षी तिथेच वारला. अंत्यविधी आम्ही मोबाईलवर बघितला. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. ऑफिसला जाते, परत येते, भाजी चिरते. आप्पा तर तो विषयच काढू देत नाहीत. कुणी विचारलं की 'थोरला तिकडं असतो' म्हणतात.

यंदा हेळवी आला. सोफा सोडून फरशीवर बसला, नावं म्हणत म्हणत दादापर्यंत आला आणि थोरल्याला लेकरं किती म्हणून विचारलं. मला वाटलं, आपणच सांगून मोकळं व्हावं. मी पुढे झाले, तर माझ्याकडे न बघता त्यानं हात वर केला. आप्पा बराच वेळ गुडघे चोळत राहिले.

"थोरला ऱ्हायला न्हाय," ते म्हणाले. "एक ल्योक हाय त्याला, तिकडं."

हेळव्यानं धीर वगैरे दिला नाही. डोळे मिटले आणि बिराप्पापासून पुन्हा सुरुवात केली. भीमा, वाघ, एकेक पिढी. दादाजवळ आल्यावर त्याचा आवाज चढला. दर्या ओलांडून गेला, परमुलखात घर बांधलं, तिकडल्या वाघमोड्यांचा हा मूळपुरुष, असं लावून दिलं. एवढा मान दिला की म्हातारा सावरेल, असं त्याला वाटलं असावं.

आप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"मूळपुरुष नगं म्हणू त्याला. माझं पोरगं हुतं ते."

हेळवी थांबला. पटका काढून मांडीवर ठेवला. मग वरच्या सगळ्या पिढ्या सोडून, हळू आवाजात, त्यानं फक्त आप्पांचं नाव घेतलं आणि त्यांच्या पोराचं.