‘कालबाह्य’चा वाक्यात उपयोग

“आईनं एक कालबाह्य कप वेगळा ठेवलाय. बाई घरी आल्या की त्यातच चहा देती.”

सातवीच्या वर्गात एक मुलगी उभी राहून हे म्हणाली. शाळा समितीच्या अध्यक्षांची मुलगी. ती म्हणत होती ती बाई मीच.

त्या दिवशी नवा शब्द होता, कालबाह्य. अर्थ मीच सांगितला होता. ज्याचा काळ सरला, जे वापरातून गेलं ते. म्हणाले, वाक्यात उपयोग करा. कुणी कंदील सांगितला, कुणी मोट. हिनं कप.

वर्ग हसला नाही. तेच जास्त लागलं. पोरांना त्यात नवं काहीच नव्हतं.

त्या घरी मी सर्वेक्षणाच्या कामाला चारदा गेले होते. चारही वेळा तोच कान तुटलेला कप. घाईत हाताला लागला तो दिला असेल, असं मी स्वतःला समजवायचे. आम्ही बौद्ध. माझ्या आईनं लोकांच्या रानात कापूस वेचून मला डी.एड. केलं. तिला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मला मात्र खुर्ची देतात, चहा देतात. याचं मला लय कौतुक होतं. त्या दिवशी मला त्या कौतुकाचीच लाज वाटली.

मुलीनं तेच वाक्य वहीत लिहिलं. मी बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष वही घेऊन आले. मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं.

“बाई, ह्या वाक्यावर फुली मारा.” अध्यक्षांचा आवाज मऊ होता. “लेकराला काय कळतंय? जातपात आता राहिली हाय का कुठं? राहिली असती तर तुमाला घरात घेतलं असतं का आमी?”

मुख्याध्यापक माझ्याकडं न बघता म्हणाले, “अर्थच चुकलाय बाई. कप वापरात हाय. मग कालबाह्य कसा? तेवढी चूक धरा अन् मिटवा.”

मी म्हणाले, “त्या कपाचा काळ सरला, हे पोरीला कळलं. तुम्हाला कळलं नाही. वाक्य बरोबर आहे. मी फुली मारणार नाही.”

“मग बदलीची तयारी ठेवा,” अध्यक्ष म्हणाले.

लाल पेन मुख्याध्यापकांनीच उचलला. माझ्यासमोर फुली मारली.

आठवड्यात त्या मुलीचं नाव काढून तिला जिंतूरच्या शाळेत घातलं. जाताना तिनं माझ्याकडं मान वर करून बघितलं नाही. तिला काय सोसावं लागलं, मला माहीत नाही. विचारायची सोय नव्हती.

त्या कपाची अन् बदलीच्या धमकीची मी तक्रार लिहिली. साक्षीदार म्हणून एकाही शिक्षकानं सही केली नाही. नवरा म्हणाला, “नोकरी सांभाळ. आपल्याला अजून दोन लेकरं शिकवायचीत.” वरच्या साहेबांनी अर्जावर ‘गैरसमज’ एवढंच लिहून तो परत पाठवला.

काल बदलीचा आदेश आला. येलदरीकडचं गाव. तिथंही समिती असेल, अध्यक्ष असेल. काही बदलेल असं मला वाटत नाही. खरंच वाटत नाही.

आज दुसरा अर्ज लिहिला. अर्जदाराच्या जागी माझं नाव. साक्षीदाराच्या जागी कुणी मिळालं नाही, तिथंही माझंच. हा परत आला की तिसरा लिहीन.